आतून ऐकतीया

फुंकणीचं तोंड ओठांना लागलं ते गार, आणि त्याला कालच्या राखेची चव होती — लोखंडाची आणि राखेची मिळून एक चव, जी गोजराबाईला आता भाकरीलाही लागायची, पाण्यालाही लागायची, आणि ती फुंकणीची की आपल्या तोंडाचीच हे तिला सांगता आलं नसतं... तिनं छाती भरून घेतली, म्हणजे घ्यायला गेली, आणि अर्ध्यावरच आत कुणीतरी दार लोटल्यासारखं झालं. जेवढा श्वास आला तेवढा तिनं नळीतून सोडला. निखारा लाल झाला, ओल्या लाकडाच्या टोकाला फेस आला आणि धूर उठून तिच्याकडेच वळला. या घरात धुराला दुसरं माणूस दिसतच नाही, तिला वाटलं.

लग्न होऊन ती आली तेव्हाही ही फुंकणी या चुलीपाशीच होती. सासूनं ती हातात दिली, आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ किती श्वास या नळीतून चुलीत गेले ते कुणी मोजलं नाही. मोजणं चालायचं ते बाहेर, पडवीत. तिथं तिचा नवरा भिवाजी घोंगडीची चौपदरी घडी करून तिच्यावर मांडी घालून बसलेला असायचा — पाठ ताठ, छाती उघडी, अंगठा उजव्या नाकपुडीवर. डावीकडून आत, उजवीकडून बाहेर, मग उजवीकडून आत... साठीला आलेल्या माणसाची छाती, पण बैलासारखी. त्या छातीला आयुष्यात काही झालं नव्हतं. सर्दीसुद्धा तिला बघून उंबऱ्यावरून परत जायची. आणि त्याच छातीला रोज पहाटे औषध मिळत होतं.

घोटावडे गावात आता त्याला कुणी नुसतं भिवाजी म्हणत नव्हतं. पंच होऊन जो मान मिळाला नाही तो नाक धरून मिळाला. आजूबाजूच्या गावांतून माणसं यायची. कुणाला झोप नाही, कुणाचं डोकं सारखं ठणकतं, कुणाचं मन थाऱ्यावर नाही. भिवाजीराव त्यांना समोर बसवून श्वास शिकवायचे, एक पैसा न घेता शिकवायचे, आणि खरं सांगायचं तर लोकांना बरं वाटायचं. झोप लागायची. माणसं पुन्हा येऊन सांगून जायची. हे खरं होतं हेच गोजराबाईला जास्त लागायचं. खोटं असतं तर बोट तरी दाखवता आलं असतं.

कारण हा श्वास शिकवणारे गुरुजी मुळात आले होते ते तिच्यासाठी. दोन वर्षांमागच्या थंडीत तिचा दमा इतका वाढला की पौडच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं, आणि गोळ्या देता देता डॉक्टर म्हणाले, पुण्याहून एक योगाचे गुरुजी आलेत, शाळेत उतरलेत, त्यांच्याकडून बाईंना श्वासाचा अभ्यास शिकवून घ्या, गोळ्यांबरोबर त्याचाही गुण येईल. भिवाजीनं गुरुजींना घरीच आणलं. मोठ्या मानानं आणलं. आठवडाभर ठेवून घेतलं. पडवीत बैठक बसली, आळीतले पुरुष जमले, आणि पांढऱ्या धोतरातल्या त्या किडकिडीत माणसानं पहिल्याच दिवशी इकडेतिकडे बघत विचारलं होतं — तिला तो आवाज अजून जसाच्या तसा आठवतो — "बाई कुठे आहेत? मी ज्यांच्यासाठी आलो त्या?"

"ती आतून ऐकतीया," भिवाजी म्हणाला होता.

"ऐकून येत नाही हे. समोर बसून, बघून शिकावं लागतं. चुकलं तर अपाय होतो."

"तुमी मला शिकवा, गुरुजी. मी शिकतो, मग मी तिला शिकवतो. आमच्यात बायामान्सं बैठकीत बसत न्हाईत."

गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले होते. मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली. ते गप्प राहणं तिला दाराआड ऐकू आलं होतं, आणि पुष्कळ दिवस तिला त्याचाच आधार वाटायचा — की निदान एका माणसाला काहीतरी खटकलं होतं.

मी शिकतो, मग तिला शिकवतो... बोलणं खोटं नव्हतं. त्या वेळी ह्यांच्या मनात तसंच असेल. आधी भात झोडायचं होतं, मग मुलाचं पुण्यातल्या नोकरीचं, मग लेकीचं बाळंतपण. मग पडवीत माणसं यायला लागली, आणि मग ती गोष्ट हरवली. चोरी झालेली वस्तू माणूस शोधतो तरी, ही कुणी शोधलीच नाही. मीसुद्धा विचारलं नाही. विचारायचं काय, की मला माझं औषध द्या?

तिनं दाराआडून जेवढं ऐकलं तेवढं स्वतःच घेतलं. बोटं कशी धरायची ते फटीतून दिसलं होतं. घ्यायचा, कोंडायचा, सोडायचा — तिन्हींची नावं संस्कृतात होती, पण काम कळत होतं. शेवटच्या दिवशी गुरुजी कितीतरी वेळ बोलले, नेहमीपेक्षा वेगळं, सावकाश, एकेक वाक्य तोडून; पण त्या दिवशी त्यांच्या निरोपाची पुरणपोळी होती आणि ती पाट्यावर पुरण वाटत होती. वरवंट्याच्या आवाजात तिला एक अक्षर कळलं नाही. जेवताना त्यांनी पोळी वाखाणली.

आज नांद्याहून पाहुणे येणार होते. कुशाबा म्हणून कुणी शेतकरी, आणि त्याची बायको रंभाबाई, दम्यानं आजारी. निरोप आल्यापासून भिवाजी हुरूपात होता. चैत्र अर्धा सरलेला, सगळ्या डोंगरउतारांवर राब भाजणं चाललेलं — भाताची रोपं टाकायच्या जागेवर शेण, पाला, फांद्या पसरून ती जमीन जाळायची, म्हणजे पावसाळ्यात तण येत नाही. या दिवसांत सगळं खोरं धुरानं भरून जातं आणि गोजराबाईला उशाला भिंत घेऊन बसून रात्र काढावी लागते. आपल्याही वावरात राब रचून तयार होता. पण काल दिवेलागणीला भिवाजीनं वाडीवरच्या चिंधूला, म्हणजे गड्याला, बजावलं होतं, "उद्या पाव्हणं जाईस्तवर राब पेटवू नगंस. बाई दम्याची हाय. तिला धूर सोसायचा न्हाई."

चिंधूनं मान हलवली होती. गोजराबाई तेव्हा दारात भांडी घासत होती. तिला त्या वेळी फक्त एवढंच वाटलं की बरं झालं, उद्या सकाळ जरा बरी जाईल... आपल्यालाही. परक्या बाईच्या पुण्याईनं. आणि मग भांडं तिनं उगाचच दोनदा घासलं.

दिवस उगवताच गाडी आली. तिनं खिडकीतून पाहिलं: गाडीत पेंढ्याची जाड गादी केलेली, वर गोधडी, आणि नवरा स्वतः हात देऊन बायकोला उतरवतोय. बाई तिच्याहून लहान, पस्तिशीची असेल. गळ्याच्या शिरा वर आलेल्या, खांदे कानांकडे चढलेले. हे खांदे गोजराबाईला ओळखू आले. श्वास ओढून ओढून खांदे असेच चढतात आणि मग झोपेतसुद्धा खाली उतरत नाहीत.

तिनं चहा टाकला. पाहुण्यांचा म्हणून साखरेचा. कपबशा घेऊन ती पडवीत गेली तेव्हा रंभाबाई घोंगडीच्या घडीवर बसलेली होती, भिवाजीच्या समोर, नवरा शेजारी. पडवीत. बैठकीत. गोजराबाई कपबशा धरून तिथंच उभी राहिली.

"आगं, चा आत्ता कशाला?" भिवाजी म्हणाला. "उपाशीपोटी करायचं असतं हे. मुद्दाम निरोप धाडला हुता, काय खाऊन येऊ नका म्हनून. ने आत." आणि पाहुण्यांकडे वळून, हसत, "दोन वर्सं हितं चाललंय, तरी हिला कळंना बगा."

कुशाबा भिडेखातर हसला. रंभाबाई हसली नाही, तिला दम पुरत नव्हता.

उपाशीपोटी. ती चहा घेऊन आत आली, आणि चुलीपुढं बसल्यावर मग ते नीट तिच्यात उतरलं. ती करायची ते बहुतेक दुपारी, सगळ्यांची जेवणं होऊन, स्वतः ताट पुसून झाल्यावर — तेवढाच वेळ हक्काचा होता. भरल्या पोटी, कोपऱ्यात, विझत्या चुलीशेजारी. पोटात गोळा यायचा, आंबट पाणी घशाशी यायचं. तिला वाटायचं, सुरुवातीला होत असेल असं. दोन वर्षं सुरुवातच चालली होती.

"आणि जागा मोकळी पायजे. वारं पायजे. धुरात, धुळीत बसून केलं तर केल्याचा उपेग न्हाई, उलटा तरास..." भिवाजी सांगत होता. आवाज कसा मऊ येत होता त्याचा! गोजराबाईनं हा आवाज फक्त दुभत्या म्हशीजवळ ऐकला होता. मग तोच आवाज वाढला, "अगं ए, दार लोटून घे! धूर येतोय बाईंच्या अंगावर."

तिनं उठून दार लोटलं.

धूर आत राहिला. बाहेरच्या उजेडाची एक उभी रेघ फटीतून येत होती आणि तिच्यात तो वळवळत होता. तिला खोकला आला, तो तिनं पदर तोंडात घालून दाबला — पाहुणे आहेत. आणि असं दाराआड, पदर तोंडात धरून उभी असताना तिला पुढचं ऐकू आलं. आज पाटा चालू नव्हता. आज एकेक अक्षर ऐकू आलं.

"आता ध्येनात ठिवा, ताई. ज्याला दमा हाय त्यानं श्वास कोंडायचा न्हाई. अजिबात न्हाई. आमी कोंडतो, तुमी न्हाई. ज्याचं काळीज कमजोर, ज्याला दमा, जी बाई दोनजीवाची — त्यांनी कोंडला तर उलटं बसतं. गुरुजींनी जायच्या दिशी मला लई येळा बजावलं. तुमी फकस्त घ्यायचा आन् सोडायचा. सोडताना सावकाश, घेतल्यापेक्षा सावकाश, पर ताणायचं न्हाई. चक्कर आली, छाती भरल्यागत वाटली, की तितंच थांबायचं आन् आडवं पडायचं. आन् डाक्टरच्या गोळ्या बंद करायच्या न्हाईत. ही काय जादू न्हाई."

त्यांनी कोंडला तर उलटं बसतं.

मी कोंडत होते. दोन वर्षं कोंडत होते... हे स्वतःच पडवीत आळीतल्या पुरुषांना सांगायचे ना, जेवढा कोंडाल तेवढा आत मुरतो? ते बैलासारख्या छात्यांना सांगणं होतं, ते मी माझ्या छातीला लावलं. नाक दाबून धरायची, आत शीळ वाजायला लागायची, डोळ्यांपुढं काजवे यायचे, आणि मला वाटायचं आपलंच कमी पडतंय, आपल्यालाच नेट नाही, आणखी धरलं पाहिजे. शिमग्याच्या आसपास गोठ्यात करताना अशीच खाली आले, कपाळ गव्हाणीला लागलं. म्हशीनं ढकललं म्हणून सांगितलं. खरं सांगायला लाज वाटली.

आणि मग तिला दुसरी गोष्ट आठवली, आणि ती आठवू नये म्हणून तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पुढं सारलं, तरी आठवलीच. त्याच्याही आधीची. सकाळची वेळ होती, शेण काढता काढता ती गोठ्यात नाकाला बोटं लावून बसलेली, श्वास कोंडलेला, गाल फुगलेले. आणि भिवाजी बैल सोडायला आत आला. त्यानं पाहिलं. क्षणभर थांबून नीट पाहिलं. मग तो हसला — वाईट नव्हतं ते हसणं, कौतुकाचंच होतं — आणि बैल बाहेर काढता काढता पडवीतल्या माणसांना ओरडून म्हणाला, "आमच्या घरात आता दोन योगी झाले बरं का!" माणसं हसली. आणि ती... तिला बरं वाटलं होतं. हे आता सर्वांत जास्त जळत होतं. तिला नव्या नवरीसारखी लाज वाटली होती, कान तापले होते, की ह्यांनी पाहिलं, ह्यांना कळलं आपण काय करतोय. दिवसभर ती त्या हसण्यावर जगली होती.

तेव्हा ते वाक्य त्याच्याजवळ होतं. गुरुजींनी बजावून बजावून दिलेलं, आत्ता जसंच्या तसं काढून त्या बाईच्या ओंजळीत घातलं तेच. गोठ्याच्या दारात उभं राहून म्हणायला कितीसा वेळ लागला असता — कोंडू नगं गं, तुला दमा हाय. बैल दावं ओढतो तेवढ्या वेळात म्हणून झालं असतं. त्यानं ते मुद्दाम दडवलं असतं तर ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली असती, भांडली असती, माहेरी सांगितलं असतं. त्यानं दडवलं नाही. त्याला आठवलंच नाही. तिला दमा आहे हे त्याला ठाऊक होतं आणि दमेकऱ्यानं श्वास कोंडू नये हेही ठाऊक होतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात एकमेकींना न भेटता राहत होत्या, अबोला धरलेल्या जावाजावांसारख्या.

अभ्यास झाला. आता चहा मागितला गेला. तिनं दार उघडलं, कपबशा नेल्या आणि खाली ठेवताना भिवाजीच्या तोंडाकडे पाहिलं. सरळ पाहिलं. एवढं सगळं बोलून झाल्यावर आता तरी डोळ्यांत काही हलेल, काहीतरी कुठंतरी जुळेल...

"साखरंचा हाय ना?" त्यानं विचारलं.

"व्हय," ती म्हणाली.

चहा झाल्यावर रंभाबाई हळदीकुंकवाला आत आली. तिचे खांदे जरा खाली आले होते. गोजराबाईला ते लगेच दिसलं आणि करंडा उघडता उघडता तिला त्या बाईचा राग आला. काय वाईट केलं होतं तिनं? गाडीत बसून आली, सांगितलं तिथं बसली. तरी राग आला.

"आक्का, तुमचं लई बरं हाय," रंभाबाई म्हणाली. चुलीच्या धुरानं तिला ठसका लागला, तिनं तो जिरवला आणि पुन्हा म्हणाली, "घरातच औशद हाय तुमच्या. तुमी बी करत आसाल न्हाई?"

दिव्याखाली अंधार, असं काहीतरी गोजराबाईच्या जिभेवर आलं होतं. सगळं सांगावंसं वाटलं, या बाईच्या गळ्यात पडून, हिला तरी कळेल. आणि त्याच वेळी असंही वाटलं की सांगू नये, हिला म्हणावं कोंड, कोंड चांगला, जेवढा कोंडशील तेवढा गुण... हे आपल्या मनात आलं याची तिला भीती वाटली. तिनं कुंकवाचं बोट त्या घामेजल्या कपाळाला टेकवलं.

"त्यांनी सांगितलंय तसंच करा," ती म्हणाली. "कोंडू मात्र नगा. पोरंबाळं काय बी म्हनूदेत, सकाळचं उठून भाईर मोकळ्यात बसा. चूल मागनं पेटवा."

"आमच्या ह्यांनीच म्हनलं, चूल मी पेटवीन म्हनून." रंभाबाई लाजून हसली आणि तिच्या पाया पडली.

गाडी निघाली तेव्हा भिवाजी पाहुण्यांना आळीच्या टोकापर्यंत पोचवायला गेला. घर एकदम गप्प झालं. चूल मंदावली होती. दुपारच्या भाकऱ्या व्हायच्या होत्या, पीठ परातीत काढून ठेवलेलं होतं. ती खाली बसली. फुंकणी उचलली. तोंड ओठांना लागलं — आता ते ऊन होतं — आणि तिनं छाती भरायला घेतली आणि तशीच राहिली. अर्धा श्वास आत, लोखंड ओठांवर. हा आपला श्वास आहे, असं काही तिच्या मनात आलं नाही. एवढंच आलं की पुरे. तिनं फुंकणी भिंतीला टेकवून ठेवली.

पडवीत घोंगडीची घडी तशीच होती, बसल्याचा खळगा मोडला नव्हता. ती त्या खळग्यात बसली. आळी समोर उघडी होती. विहिरीवरून शेजारची धोंडाबाई घागर घेऊन येत होती, ती चालता चालता थबकली आणि बघत राहिली. लांब, वावराच्या अंगाला, चिंधूनं राब पेटवला होता — पाहुणे गेले, आता कुणासाठी थांबायचं — आणि धुराची पहिली करडी पट्टी बांधावरून सरकायला लागली होती. ती इथवर यायला थोडा वेळ होता.

अंगठा उजव्या नाकपुडीवर. डावीकडून घेतला, येईल तेवढाच. कोंडला नाही. सवयीनं छाती धरून ठेवायला गेली आणि तिनं तिला धरू दिलं नाही, उजवीकडून सोडला, सावकाश, सावकाश... पुन्हा. गुरुजी म्हणायचे मन शांत होतं. तिचं झालं नाही. श्वास बाहेर जाऊन जिथं जागा झाली तिथं राग येऊन बसला, चांगला ऐसपैस बसला, आणि आश्चर्य म्हणजे त्याचा छातीला त्रास होईना. इतकी वर्षं श्वासाबरोबर काय काय कोंडून ठेवलं होतं कुणास ठाऊक. आणखी एक घेतला. आज एका सकाळीनं दमा जाणार नव्हता, कधी जाईल की नाही तेही ठाऊक नव्हतं, आणि दोन वर्षं तर परत येणार नव्हतीच.

आळीच्या टोकाकडून भिवाजीच्या वहाणा वाजत आल्या. धोंडाबाईशी काहीतरी बोलणं झालं, ते ऐकू आलं नाही. मग वहाणा अंगणात आल्या आणि थांबल्या.

"चूल इझली का काय?"

तो आता हसेल. नाहीतर ओरडेल. किंवा — कोण जाणे — समोर बसलेली बघून त्याच्या डोक्यातल्या त्या दोन गोष्टी आता तरी एकमेकींना भेटतील, आणि तो काही म्हणेल, आणि मग त्यावर आपण काय म्हणायचं तेही तिला ठरवता येईना. तिनं डोळे मिटले नव्हते. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि उत्तर द्यायला आज तिच्याजवळ पुरेसा श्वास होता. धुराची पट्टी गोठ्यापर्यंत आली होती.

"आगं, काय इचारतोय मी?"

तिनं डावीकडून घेतलेला श्वास उजवीकडून पूर्ण सोडला, आणि बोट नाकावरून काढलं नाही.